आधी वर्षभराचा कच्चा माल दाखवा, मग रसायनांचा कारखाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खान्देशात बंद साखर कारखान्याचा विषय निघाला की आजकाल एकच उत्तर मिळते : तिथे इथेनॉल टाका. कासोद्याचा वसंत असो की भाडण्याचा पांझराकान, सभा कोणतीही असो, तोडगा हाच. आता त्यात उसापासून हरित रसायने आणि बायोप्लास्टिक यांचीही भर पडली आहे. उसाच्या साखरेपासून रसायने करण्याला आमचा विरोध नाही. आमचा व्यवसायच तो आहे. मात्र या चर्चेत पहिला प्रश्न कोणी विचारत नाही. रसायनांचा कारखाना वर्षाचे ३३० दिवस चालवावा लागतो. त्या ३३० दिवसांत त्याच्या टाकीत काय भरणार?

इथेनॉलचे आधी बघू. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांकडे सुमारे १,७७६ कोटी लिटरचे देकार आले आणि वाटप झाले सुमारे १,०४८ कोटी लिटरचे. त्यातही ऊसजन्य इथेनॉलचा वाटा जेमतेम चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त. मक्याने त्याला केव्हाच मागे टाकले. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठून झाले आहे, म्हणजे मागणीची मोठी उडी होऊन गेली आहे. अशा वेळी खान्देशात आणखी एक मळीवरची डिस्टिलरी उभी करणे म्हणजे रांगेत सर्वांत शेवटी जाऊन उभे राहणे. म्हणूनच रसायनांकडे वळण्याचा विचार योग्य आहे, पण तो हिशेबासह व्हायला हवा.

रोज २,५०० टन गाळपाचा कारखाना घ्या. हंगाम १०० दिवसांचा धरू. आपल्याकडे ऊस कमी आणि पळवापळवी जास्त, त्यामुळे एवढा हंगाम मिळाला तर चांगलाच म्हणायचा. गाळप झाले अडीच लाख टन. सी-हेवी मळी, म्हणजे काढता येईल तेवढी साखर काढून उरलेली, साडेचार टक्के धरली तर ११,२५० टन. टनाला २३५ लिटर उतारा धरून स्पिरिट निघते सुमारे २६ लाख लिटर. रोज ३० हजार लिटरचा प्लांट हे ८८ दिवसांत संपवतो. बी-हेवी केली, म्हणजे थोडी साखर मळीतच सोडली, तर मळी साडेसहा टक्क्यांच्या आसपास मिळते, टनाला ३०० लिटर पडते आणि प्लांट १६२ दिवस चालतो. पण त्यासाठी साखरेचा उतारा दीड टक्क्याने सोडावा लागतो, म्हणजे पावणेचार हजार टन साखर कमी. उरलेले निम्मे वर्ष प्लांट थंड पडतो, कर्जाचे व्याज मात्र चालूच राहते.

यावर ठरलेले उत्तर असते की बाहेरून मळी आणून साठवू. साठवता येते, पण आपल्या हवेत ते सोपे नाही. टाकीतली मळी ४० अंशांच्या वर गेली की आतल्या आत तापू लागते. साखर आणि अमिनो आम्ले यांची प्रक्रिया सुरू होते, वायू सुटतो, फेस चढतो आणि आंबण्याजोगी साखर घटते. एप्रिल-मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढेही जातो. तेव्हा टाकीवर पाण्याचा फवारा, मळी सतत फिरवणारा पंप आणि वरच्या, मधल्या, खालच्या थरातले तापमान रोज मोजणे हे सगळे करावे लागते. गरम मळी थंड न करता थेट टाकीत सोडली, तर वर्षभराचा माल एका उन्हाळ्यात खराब होऊ शकतो. घट्ट केलेला रस, म्हणजे सिरप, तर त्याहून नाजूक. साठ-पासष्ट ब्रिक्सचे, म्हणजे तेवढे टक्के विरघळलेला घन भाग असलेले, सिरप काही दिवसांत आंबते. उसाची साखर वर्षभर सुखरूप राहते ती घन रूपात, म्हणजे कच्च्या साखरेच्या पोत्यात. रसायनांचा विचार करताना हे लक्षात ठेवावे.

आता रसायनशास्त्रातला एक साधा हिशेब. यीस्ट १०० किलो ग्लुकोजचे जास्तीत जास्त ५१ किलो अल्कोहोल करते, उरलेला ४९ किलो कर्ब वायू चिमणीतून नाही तरी झाकणातून जातो. साखरेतल्या कार्बनचा तिसरा हिस्सा तिथेच संपतो. त्या अल्कोहोलचे इथिलीन, म्हणजे प्लास्टिकसाठी लागणारा मूळ वायू, करायचे तर त्यातले पाणीही काढून टाकावे लागते, आणि हाती येते ३१ किलो. याउलट दह्यात असते त्या लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूने तेच १०० किलो ग्लुकोज खाल्ले तर कागदावर १०० किलो आम्ल मिळते, प्रत्यक्षात ९० किलोच्या आसपास. कार्बनही जात नाही आणि ऑक्सिजनही. ज्या रसायनांच्या रेणूत ऑक्सिजन आहे ती साखरेपासून करणे परवडण्याची शक्यता जास्त असते, आणि ज्यांच्यात तो नाही ती खनिज तेलातल्या नाफ्थ्यापासून करणे स्वस्त पडते, याचे मूळ इथे आहे.

एक टन इथिलीनला व्यवहारात सुमारे १.७ टन, म्हणजे २,२०० लिटरच्या घरात अल्कोहोल लागते. सी-हेवीचा २०२४-२५ चा लिटरला ५७ रुपये ९७ पैशांचा दर लावला तर नुसत्या अल्कोहोलचे सव्वा लाखाच्या वर गेले. तेलापासूनचे इथिलीन जागतिक बाजारात बहुतेक काळ याच्या बरेच खाली विकले जाते. ब्राझीलमध्ये ट्रिउंफो येथे ब्रास्केम कंपनीने २०१० मध्ये वर्षाला दोन लाख टनांचा असा प्रकल्प सुरू केला आणि तो चालला. पण त्यामागे तिथल्या उसाचे आकारमान आहे आणि हरित मालासाठी जादा दाम मोजणारे युरोपातले ग्राहक आहेत. आपल्याकडे काशीपूरला अल्कोहोलपासून ग्लायकॉल कित्येक वर्षे बनते आहे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात साकरवाडीला अल्कोहोलपासून इथाइल अ‍ॅसिटेट आणि पुढची रसायने होतात. म्हणजे वाट नवी नाही. पण हे टिकले ते एका उत्पादनावर नव्हे, तर अनेक उत्पादनांच्या साखळीवर.

खान्देशासाठी लॅक्टिक आम्लाचा विचार करता येईल. वर्षाला दहा हजार टनांच्या प्लांटला सुमारे ११ हजार टन साखर पुरते, म्हणजे दहा टक्के उताऱ्याने १ लाख १० हजार टन ऊस. वरच्या कारखान्याच्या निम्म्याहून कमी गाळपात हे बसते आणि कच्ची साखर साठवून प्लांट बारा महिने चालवता येतो. प्रक्रिया अशी : साखरेचे द्रावण, जिवाणूला लागणारे नत्र आणि जीवनसत्त्वे, तापमान जिवाणूच्या जातीनुसार ४० ते ५० अंश. आम्ल तयार होऊ लागले की सामू घसरतो आणि जिवाणू थांबतो, म्हणून विरलेल्या चुन्याचे दूध सोडत सामू साडेपाच ते सहा ठेवायचा. नंतर गंधकाम्ल घालून आम्ल मोकळे करायचे, जिप्सम गाळायचे, क्षार शोषणाऱ्या राळेच्या, म्हणजे आयन-विनिमयाच्या, स्तंभातून द्रावण काढायचे आणि मग ते घट्ट करायचे.

अडते ते या प्रक्रियेच्या तीन ठिकाणी. पहिली गोष्ट मळीची. स्वस्त म्हणून मळी वापरली की तिच्यातले पालाश, चुना, रंग आणि न आंबणारे पदार्थ सगळे शेवटपर्यंत सोबत येतात. आयन-विनिमयाची राळ लवकर थकते, माल पिवळा पडतो आणि पॉलिमर बनवणारा तो परत पाठवतो. उरलेली साखरही घट्ट करताना जळते. म्हणून इथे मळी नको, साखर हवी. दुसरी गोष्ट शुद्धतेची. प्लास्टिकसाठी लागणारे लॅक्टिक आम्ल एकाच हाताचे, म्हणजे एल प्रकारच्या रेणूंचे, जवळजवळ ९९ टक्के असावे लागते. भलता जिवाणू शिरला की डी प्रकार, म्हणजे त्याच रेणूचे आरशातले रूप, मिसळतो. वजनात, वासात, आम्लतेत काही कळत नाही, पण पॉलिमर नीट स्फटिकत नाही. डिस्टिलरीत एखादी पाळी बिघडली तर उतारा कमी येतो. इथे आख्खी खेप बाद होते. डिस्टिलरीच्या सवयीने चालवलेली पाइपलाइन आणि बंद न होणारे व्हॉल्व्ह या कामाला चालत नाहीत. वाफेने निर्जंतुक होतील अशी वेल्डिंगची, कोपरे नसलेली जोडणी लागते. तिसरी गोष्ट जिप्सम. दहा हजार टन आम्लामागे सुमारे ४,१०० टन विरलेला चुना, साडेपाच हजार टन गंधकाम्ल आणि साडेनऊ हजार टन जिप्सम. हे कुठे जाणार, याचे उत्तर प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर हवे. चोपण जमिनीला जिप्सम लागते आणि तापीकाठी अशी जमीन आहे, पण शेतात टाकण्याआधी त्यातली अशुद्धी तपासून प्रमाणित करणारी यंत्रणा लागेल.

पुढे पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए प्लास्टिक. त्यासाठी किलोला साधारण दीड किलोहून थोडी जास्त साखर लागते. उत्तर प्रदेशात खीरी जिल्ह्यात कुंभी येथे बलरामपूर चिनी मिल्स वर्षाला सुमारे ८० हजार टनांचा असा प्रकल्प उभारते आहे, त्यामागे त्या राज्याचे स्वतंत्र बायोप्लास्टिक धोरण आणि भांडवली अनुदान आहे. जळगाव हे पाइप, ठिबक आणि चटईचे गाव. प्लास्टिक ओतणारे, ओढणारे हात इथे पिढीजात आहेत, त्यामुळे असा माल इथे खपेल ही कल्पना मोहात पाडते. पण पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडते. मे महिन्यात बंद टेम्पोत भरलेले पेले धुळ्याहून चोपड्याला पोचेपर्यंत एकमेकांत बसलेले सापडतील! शिवाय ते कुजते ते ५८-६० अंशांच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये. शेतात टाकलेला पीएलएचा मल्चिंग पेपर हंगामभरात मातीत मिसळून जाईल, असे कोणी विक्रेता सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. केळीच्या घडाला घालायच्या पिशव्या गोळा करता येतात, म्हणून तिथे हे प्लास्टिक वापरून बघता येईल. मल्चिंगसाठी मातीत कुजणारी वेगळी पॉलिमर मिसळावी लागतात.

आणि सगळा भर उसावरच का? यावल-रावेरचा भूजल साठा केव्हाच उपसून झाला आहे. तापीचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या मेगा रिचार्ज योजनेची चर्चा त्याचमुळे चालू आहे. पाटाने भिजवलेला ऊस वाढवून रसायने करणे या भागाला झेपणार नाही. जो ऊस आहे तो ठिबकवर न्यावा, आणि कार्बनचा दुसरा स्रोत शोधावा. तो आपल्या बांधावर पडलेला आहे.

मक्याची मळणी झाल्यावर दाणे काढलेली कणसे शेतातच राहतात. चुलीत जातात, वीटभट्टीत जातात, नाहीतर पेटवली जातात. फरफ्युराल या रसायनासाठी हा जगातला सर्वांत पसंतीचा कच्चा माल आहे, कारण त्यात पेंटोसान, म्हणजे काडीकचऱ्यातली साखळीरूप साखर, ३० टक्क्यांच्या वर असते. उसाच्या बगॅसमध्ये ते २५ टक्क्यांच्या आसपास. सौम्य गंधकाम्ल आणि १७० ते २०० अंशांची वाफ दिली की पेंटोसानचे फरफ्युराल होते. त्याच्यापासून केलेले फरफ्युरिल अल्कोहोल ओतकामाच्या वाळूच्या साच्यात राळ म्हणून जाते आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीला ते हवे आहे. दक्षिण आफ्रिकेत सेझेला येथे साखर कारखान्याच्या आवारात बगॅसपासून फरफ्युराल कित्येक दशके बनते आहे. चीन मात्र ते मक्याच्या कणसांपासून करतो आणि बाजार त्याच्या हातात आहे.

एक टन फरफ्युरालला दहा-बारा टन कोरडी कणसे लागतात आणि २५ ते ३५ टन वाफ. वर्षाला दोन हजार टनांचा प्लांट धरला तर २४ हजार टन कणसे, म्हणजे साधारण सव्वा लाख टन मक्याच्या दाण्यामागचा माल. तो खान्देशात मिळू शकतो, पण गोळा करणे सोपे नाही. कणसे हलकी असतात, ट्रक वजनाने नव्हे तर आकारमानाने भरतो. पन्नास किलोमीटरच्या पुढे भाडे मालाच्या किमतीला खाऊन टाकते. ओली राहिली तर बुरशी पेंटोसानच खाते. म्हणून मळणीच्या जागीच कणसाचे तुकडे करणारे यंत्र आणि गावपातळीवर कोरडे साठवण लागेल. प्लांटमध्ये तयार झालेले फरफ्युराल वाफेसोबत लगेच बाहेर काढले नाही तर ते स्वतःशीच जोडले जाऊन काळी राळ होते. उतारा पडण्याचे हे नेहमीचे कारण. साध्या पोलादाची पात्रे गंधकाम्लाने खाल्ली जातात, आणि सांडपाण्यात असेटिक आम्ल असते. मिथेन बनवणाऱ्या बंद टाकीत ते जिरवता येते, नाल्यात सोडता येत नाही.

कपाशीच्या पऱ्हाट्यांचीही चर्चा होते. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीण करणारा भाग, जास्त आणि पेंटोसान कमी. त्यांना बॉयलरचे जळण करणे बरे. गुलाबी बोंडअळी रोखण्यासाठी त्या वेळेवर उपटायच्याच आहेत, तेव्हा त्या विकत घेतल्या आणि बगॅस मोकळी केली तर दोन्ही कामे होतील. केळीचे खांब मात्र या यादीतून काढावेत. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. टनभर खांब वाहून नेला तर हाती शंभर किलोही कोरडा माल येत नाही. तो शेतातच कुजवावा.

केळीला या उद्योगाकडून द्यायची गोष्ट वेगळीच आहे. उसाने जमिनीतून उचललेले पालाश मळीत उतरते, मळीतून स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, आणि स्पेंटवॉश जाळणाऱ्या बॉयलरच्या राखेत. या राखेपासूनचे १४.५ टक्के पालाशाचे खत २०२१ पासून केंद्राच्या अनुदान योजनेत आहे. केळीला झाडामागे २०० ग्रॅम पालाशाची शिफारस आहे, म्हणजे या खताचे सुमारे १ किलो ३८० ग्रॅम. नेहमीच्या पोटॅश खताच्या चौपट वजन झाले, त्यामुळे ते लांब नेणे परवडत नाही. पण कारखान्यापासून तीस-चाळीस किलोमीटरवर केळीचा पट्टा असला तर परवडते. ही सोय कोल्हापूर-सांगलीपेक्षा आपल्याला जास्त आहे.

आता धोरण. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली. आठवडाभरात ती शिथिल करून १७ लाख टन साखरेपर्यंत परवानगी दिली. २९ ऑगस्ट २०२४ ला पुढच्या वर्षासाठी बंधने उठवली. साखरेचे भाव सांभाळायला सरकारने हे केले, ते समजू शकते. इथेनॉलचा एकच खरेदीदार असतो आणि तो पुढच्या वर्षीही तिथेच असतो. लॅक्टिक आम्लाचा ग्राहक मात्र एकदा माल चुकला की थायलंडला ऑर्डर देतो आणि परत येत नाही. त्यामुळे रसायनांसाठी वळवायच्या साखरेचा वेगळा, छोटा आणि किमान दहा वर्षे हात न लावायचा कोटा असावा. दहा हजार टनांच्या प्लांटला लागणारी ११ हजार टन साखर देशाच्या साखरेच्या भावाला धक्का लावू शकत नाही.

दुसरा प्रश्न राज्याचा आहे. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक मताने औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचा अधिकार मान्य केला आणि १९९० चा सिंथेटिक्स अँड केमिकल्स खटल्याचा निकाल बदलला. आता महाराष्ट्राने या अधिकाराचे काय करायचे ते लिहून सांगावे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत टँकरटँकरला परवाना आणि पास घेऊन रसायनांचा कारखाना चालत नाही. शिवाय दारू म्हणून वापरता येऊ नये म्हणून अल्कोहोल नासवायला जे मिसळतात, त्यातले पिरिडिन आम्लधर्मी उत्प्रेरकाला मारते. रसायनासाठी त्या-त्या प्रक्रियेतलेच एखादे द्रव्य नासवण्याला चालेल अशी यादी राज्य उत्पादन शुल्क विभागाने जाहीर करावी, आणि मोजमापासाठी शिपायाऐवजी सीलबंद प्रवाहमापक स्वीकारावा.

कराचे एका ओळीत : तेल कंपनीला जाणाऱ्या इथेनॉलवर ५ टक्के जीएसटी, रसायनांसाठीच्या अल्कोहोलवर १८. परतावा मिळतो हे खरे, पण तो मिळेपर्यंत खेळते भांडवल अडकते आणि ते छोट्या कारखान्याकडेच नसते.

केंद्राचे ऑगस्ट २०२४ चे बायोई-३ हे जैव-उत्पादनाचे धोरण जैवरसायनांना पहिल्या यादीत घेते. पण सहकारी कारखान्यांसाठी मार्च २०२५ मध्ये आलेली व्याज सवलत, म्हणजे वर्षाला ६ टक्के किंवा बँक व्याजाच्या निम्मी यातली जी कमी असेल ती, मका आणि खराब धान्यावर इथेनॉल करण्यासाठी आहे. ज्या मालाला बाजार अपुरा पडतो आहे त्यालाच पुन्हा सवलत. तीच सवलत लॅक्टिक आम्ल आणि फरफ्युरालला लावावी. अनुदान द्यायचेच असेल तर ते यंत्राच्या किमतीवर न देता विकल्या गेलेल्या किलोवर द्यावे. जास्त किमतीची यंत्रे दाखवून पैसे काढण्याची सोय तरी राहणार नाही. नुसत्या क्षमतेवर पैसे घेऊन उभे राहिलेले प्रकल्प कसे संपतात, ते कॅनडातल्या सार्निया येथील बायोअ‍ॅम्बरच्या सक्सिनिक आम्ल प्रकल्पाने २०१८ मध्ये दाखवले.

शेतकऱ्याच्या वाट्याचाही विचार आत्ताच व्हावा. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांच्या विक्रीतून ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला सुचवला, आणि राज्याने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. पण मळीपुढचे रसायन वेगळ्या कंपनीत झाले की ते या हिशेबात येत नाही. मळी कोणत्या दराने त्या कंपनीला दिली, एवढ्यावर शेतकऱ्याचा हिस्सा ठरतो, आणि तो दर ठरवणारे संचालक दोन्हीकडे तेच असतात. उपकंपनीला देण्याचा दर त्या महिन्याच्या खुल्या बाजारभावाशी बांधावा आणि तो ऊस बिलाच्या पावतीवर छापावा. कणसांचेही तसेच. वजन, ओलावा आणि दर पावतीवर आला नाही तर पहिल्या वर्षी शेतकरी कणसे देईल, दुसऱ्या वर्षी पेटवून देईल.

बंद कारखान्यांच्या जागांवर जे प्रकल्प अहवाल तयार होतील, त्यांत आसपासच्या तालुक्यांतला ऊस, मका, पाणी आणि वाफ यांचा महिनावार तक्ता जोडल्याशिवाय साखर आयुक्तालयाने ते पुढे पाठवू नयेत.

आपले,
साखर व मद्यार्क उद्योगातील काही तंत्रज्ञ
(धुळे, जळगाव, नंदुरबार)